एकट्याला टेबल नाही

नाशिकहून परत आल्यावर शेजारच्या लीलाबाईंनी मला जिन्यातच अडवलं. "रामकुंडावर जाऊन आलात ना?" मी नाही म्हटलं. "मग काळाराम? त्र्यंबकेश्वर?" तेही नाही म्हटलं. "निदान वणीला तरी?" मी मान हलवली. "अहो, मग इतके दिवस केलंत काय तिथे?" त्यावर मी खांद्यावरची शाल काढून त्यांच्या नाकाशी धरली. तिला अजून कोळशाचा, लसणाचा आणि तिळाच्या तेलाचा वास येत होता. लीलाबाई पक्क्या शाकाहारी. त्या झटकन मागे सरल्या आणि पाणी किती वाजता येणार आहे ते सांगू लागल्या.

तर मी नाशिकला कोरियन पद्धतीचं, टेबलावर निखाऱ्यांवर भाजलेलं मटण खायला गेले होते आणि ते मला मिळालं. इतकं झकास मिळालं की तिथे न गेलेल्यांना सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. मी राहणार साताऱ्याची, वय साठीच्या पुढे, आयुष्य शाळेत इतिहास शिकवण्यात गेलेलं. मला ही कोरियाची हौस लावली माझ्या वहिनीने. टीव्हीवरच्या सासवांना कंटाळून ती फोनवर कोरियन मालिका बघायला लागली आणि मलाही तिने त्या नादाला लावलं. रोज संध्याकाळी आम्हा नणंद-भावजयींचा फोन व्हायचा, आदल्या दिवशीच्या भागाची चिरफाड व्हायची. त्या मालिकांत एक प्रसंग ठरलेला: टेबलाच्या मधोमध निखारे, वर जाळी, जाळीवर चरचरणारं मटण आणि भोवती बसलेली माणसं. मी मटण बघायचे, वहिनी माणसं बघायची. "सुमन, बघितलंस का?" ती म्हणायची. "पुरुष भाजतोय आणि बाई बसून खातेय. एकदा जाऊया गं असल्या ठिकाणी." मी म्हणायचे, जाऊ की. ते जाणं राहून गेलं. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी वहिनी गेली.

मागे राहिला दादा, माझा थोरला भाऊ. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, उंचापुरा, जेवायला बसला की बघत राहावं असा. ताटातलं संपत आलं की मान वर न करता तो विचारायचा, "अजून आहे का?" आणि वहिनी ओट्यापाशी उभी राहून पातेलं खरवडायची. हे वाक्य आमच्या घरात इतकं ठरलेलं होतं की मुलं त्याची नक्कल करायची. वहिनी गेल्यावर दादाने डबा लावला. मी माझ्याकडे जेवायला ये म्हणायचे, तर "कशाला तुला त्रास" म्हणून टाळायचा. डब्यातली निम्मी पोळी परत जायची. गालफडं बसली. डॉक्टरांनी सगळं तपासून काही नाही म्हणून सांगितलं. पण "अजून आहे का" हे त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं, आणि मला ते पुन्हा ऐकायचं होतं. मला दुसरं काही नको होतं.

माझा मुलगा अमेय नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात असतो. तिथे यंत्रं बसवायला कोरियन इंजिनियर येतात. फोनवर बोलता बोलता तो म्हणाला, "आई, हे लोक सुट्टीच्या दिवशी कुठेतरी त्यांचं ते टेबलावरचं मटण खायला जातात म्हणे. कुठे ते कुणालाच नीट माहीत नाही." मी त्याच संध्याकाळी बॅग भरली. दादाला म्हटलं, मला एकटीला एवढा लांबचा प्रवास झेपायचा नाही. "नाशिकला काय आहे?" त्याने विचारलं. "अमेय आहे," मी म्हटलं. ते काही खोटं नव्हतं.

शहरात

पोचलो त्याच संध्याकाळी अमेयने मोठ्या उत्साहाने आम्हाला शहरातल्या एका चकचकीत हॉटेलात नेलं. बाहेर पाटीवर 'कोरियन' लिहिलेलं होतं. आत गुलाबी दिवे, भिंतीवर बदामाच्या आकाराच्या उशा आणि कॉलेजातली मुलंमुली. आमची तिघांची वरात आत शिरली तेव्हा त्यांना वाटलं असणार, कुणाचे तरी पालक शोधत आलेत. मी थेट बार्बेक्यू मागवलं. आलं ते काडीला टोचलेलं चिकन, वर गोडसर लाल सॉस आणि किसलेलं चीज.

"निखारे कुठायत?" मी वेटरला विचारलं.

"मॅडम, इथं निखारे अलाऊड नाहीत. आत ओव्हनमध्ये होतं सगळं."

दादाने एक तुकडा खाल्ला, काडी बशीत ठेवली आणि म्हणाला, "हे आपल्या एस.टी. स्टँडजवळच्या चायनीजच्या गाडीवर मिळतं." पुढे त्याने काही खाल्लं नाही. अमेयचा चेहरा पडला. मी मात्र सगळं संपवलं, दादाच्या वाटचंही. मला राग आला की भूक जास्त लागते.

सातपूर

दुसऱ्या दिवशी अमेयने मुद्दाम रजा काढली होती. आज शोधून काढूच, असं म्हणत मी सकाळी आंघोळ करून तयार झाले. दादा गॅलरीत उभा होता. म्हणाला, "सुमन, आज गुरुवार."

आता हे मला आधी कळायला नको होतं का? पण गुरुवार पाळायची ती वहिनी. दादाने कधी वार पाळला नाही. उलट गुरुवारी हमखास मटण आणायचा, आणि ती बिचारी स्वतः न खाता त्याला करून घालायची. मी तसं म्हटलंही. तो म्हणाला, "ती पाळायची म्हणून आता मी पाळतो." इतक्या लांब मटण खायला आलेली दोन माणसं, आणि दिवस गेला बिनमटणाचा.

मग अमेय आम्हाला सातपूरला मिसळ खायला घेऊन गेला. पाळी सुटायची वेळ होती. कारखान्यांच्या फाटकातून मोटारसायकली नुसत्या ओसंडत होत्या आणि त्यातल्या निम्म्या त्या मिसळवाल्याच्या दारात थांबत होत्या. आमच्याकडे मिसळ म्हणजे एक बशी आणि दोन पाव. इथे रश्श्याचं भांडं वेगळं, दही वेगळं, पापड वेगळा, आणि तो पापड रश्श्यात चुरून खायचा. रस्सा काळपट, खोबरं चांगलं करपवून केलेला. पहिल्या घासाला कानशिलं तापली. मी इमानदार सातारकर आहे, पण पापडाच्या बाबतीत नाशिक आमच्यापुढे आहे, हे मी लिहून देते. दादाने निम्मा पाव खाल्ला.

शेजारच्या बाकावर एक गृहस्थ मन लावून जेवत होते. अमेयने ओळख करून दिली. भाऊसाहेब, कारखान्यात येणाऱ्या पाहुण्यांची गाडी चालवतात, मूळचे निफाडकडचे. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. पाहुण्यांची गाडी, म्हणजे कोरियन लोकांची गाडी.

"भाऊसाहेब, ते कोरियन लोक सुट्टीच्या दिवशी जेवायला कुठे जातात हो?"

"ते ना मावशी, आमच्याच बाजूला जाता." त्यांनी पाव रश्श्यात बुडवला. "निफाडच्या अलीकडं, द्राक्षाच्या मळ्यात. वैशालीताईचं हाय. बोर्ड नाय, काही नाय."

"चांगलं असतं का?"

"मला काय माहीत? मी गाडीतच बसतो. पण धूर येतो ना बाहेर, त्याचा वास लय भारी असतो. एकदा तर मी काचा वर करून बसलो, सहन होईना."

"मग आत का नाही गेलात?"

"एकट्याला टेबल देत नाय त्या. म्हणता, कुणाला तरी घेऊन या. आता मी कुणाला नेऊ? घरी मालकीण माळकरी."

शेजारी बसलेला दादा पापडाचा तुकडा हातात धरून हे ऐकत होता. "एकट्याला देत नाहीत?" त्याने विचारलं. "हा कुठला नियम?" त्या दिवसात त्याने आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न. मी लगेच भाऊसाहेबांना पकडलं. उद्या शुक्रवार, अमेयला कामावर जायचं होतं, पण भाऊसाहेबांची सुट्टी होती. "चला, मी येतो संगं," ते म्हणाले. "बरोबर माणसं असल्यावर मलाबी आत जाता येईल."

निफाडच्या वाटेवर

रात्री मला झोप लागली नाही, परीक्षेच्या आदल्या दिवशी लागत नाही तशी. सकाळी थंडी इतकी की शाल डोक्यावरून घेतली. शहर मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव सुरू झाले. साताऱ्याकडे शेत म्हटलं की डोळे वर-खाली करावे लागतात, इथे सगळं सपाट. आणि मांडवाखाली लोंबणारा एकेक घड वर्तमानपत्रात गुंडाळलेला. मला वाटलं पाखरांसाठी असेल. भाऊसाहेब म्हणाले, थंडी-उन्हाने मणी गुलाबी पडू नयेत म्हणून. परदेशात हिरवेच मणी चालतात. म्हणजे नाशिकभर वाचून झालेल्या बातम्या त्या मांडवांखाली लटकत होत्या. मी खिडकीतून एक मथळा वाचायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

वाटेत कालवा लागला. दादा एकदम सरळ बसला. "थांबवा जरा," म्हणाला. उतरून काठावर उभा राहिला, पाण्याकडे बघितलं, अस्तरीकरण कुठे फुटलंय ते भाऊसाहेबांना दाखवलं. मी गाडीतून बघत होते. किती दिवसांनी त्याचा आवाज असा भरून आलेला ऐकला. उसाच्या ट्रॉलीतून पडलेलं एक कांडं मी उचललं आणि त्याला अर्धं दिलं. त्याने ते हातात घेतलं आणि गाडीच्या मागच्या खिडकीशी ठेवून दिलं. आवाज आला होता, भूक नव्हती आली.

मग आम्ही चुकलो. मळ्यात सगळ्या शेड सारख्याच दिसतात, आणि भाऊसाहेब नेहमी बाहेरच बसलेले. आम्ही जिथे शिरलो तिथे ओळीने बायका बसून घड तोलत होत्या, खोक्यांत भरत होत्या. एक मुलगी धावत आली आणि बोलायची संधी न देता तिने आमच्या डोक्यावर पांढऱ्या जाळीच्या टोप्या चढवल्या. माल तपासायला येणारे साहेब आजच यायचे होते, ते आम्हीच अशी तिची समजूत. दादाची उंची आणि खात्यातली चाल बघून तिला शंकाही आली नाही. बायकांनी माना खाली घालून जास्तच झपाट्याने काम सुरू केलं. दादा गंभीर चेहऱ्याने दोन ओळींमधून चालत गेला, एका खोक्यात डोकावला आणि म्हणाला, "छान आहे." मग मी त्या मुलीला खरं सांगितलं. सगळ्या शेडमध्ये हशा पिकला आणि आम्हाला ओंजळभर द्राक्षं मिळाली. "वैशालीताई होय? पलीकडची शेड. धुराडं दिसतंय ना, ती."

वैशालीताईंची शेड

पत्र्याची जुनी शेड, खाली शेणाने सारवलेली जमीन, एका बाजूने उघडी, बाजूला बाग. आत लोखंडी टेबलं आणि प्रत्येक टेबलाला मधोमध भोक. त्या भोकात निखाऱ्यांचं घमेलं बसतं आणि वर जाळी. प्रत्येक टेबलावर छतातून एक पत्र्याचा पाइप उतरलेला, धूर ओढून घ्यायला. सगळं सातपूरच्या एका वर्कशॉपातून बनवून घेतलेलं. मालिकेतल्यासारखं काही चकचकीत नाही, पण निखारे खरे होते. मी ते बघून टाळ्याच वाजवल्या. दादा म्हणाला, "अगं, लोक बघतायत." बघायला आमच्याशिवाय कुणी नव्हतं.

वैशालीताई चाळिशीच्या, पंजाबी ड्रेसवर एप्रन, बोलायला मोकळ्या. सातपूरला कोरियन पाहुण्यांसाठी एक गेस्ट हाऊस होतं, तिथे त्या स्वयंपाकाला होत्या. तिथल्याच पाहुण्यांनी त्यांना सगळं शिकवलं. गेस्ट हाऊस बंद झालं तेव्हा त्यांनी घरची शेड साफ केली, आणि पाहुणे शोधत शोधत इथे आले.

"पण सुरुवातीला मी काय करायची माहितीये का मावशी?" निखारे वारा घालून फुलवत त्या सांगत होत्या. "मटण आत भाजून, वर कोथिंबीर घालून वाढायची. पाहुण्याला कच्चं कसं द्यायचं? आपल्यात असं करतं का कोणी? ते बिचारे मुकाट खायचे. मग एक दिवस त्यांचे मोठे साहेब आत आले, माझ्या हातातला चिमटा काढून घेतला, मला खुर्चीवर बसवलं, आणि स्वतः भाजून पहिला घास मला दिला. लग्न झाल्यापासून मला बसवून कोणी वाढलं नव्हतं. मला रडूच आलं."

"म्हणून एकट्याला टेबल नाही?" दादाने विचारलं.

"हां काका. त्यांच्यातबी ह्या जेवणाला एकटं कोणी जात नाही. घास द्यायला समोर माणूस पाहिजे. आणि दुसरा नियम माझा. ह्या शेडमध्ये बाईच्या हातात चिमटा द्यायचा नाही. घरी तेच करते ती."

गावातली माणसं येत नाहीत का, असं मी विचारलं. त्या हसल्या. आली होती म्हणे. ताटात कच्चं मटण बघून उठून गेली. आम्हीच शिजवायचं तर हॉटेलात कशाला यायचं, असं म्हणत.

मग टेबलावर वाट्या यायला लागल्या. आपल्याकडे ताटाची डावी बाजू असते ना, चटणी, कोशिंबीर, लोणचं, तशी इथे सगळं टेबल म्हणजे डावी बाजूच. कोबी मिरचीत आंबवून केलेलं लोणचं, तसंच मुळ्याचं, तीळ लावलेला पालक, काकडी, लसणाच्या चकत्या, नाशिकचा कांदा बारीक उभा चिरून. सोयाबीन आंबवून केलेला एक दाट लाल ठेचा, तो वैशालीताई स्वतः घरी घालतात. आणि एका परडीत लेट्यूसची रुंद, कोवळी, कुरकुरीत पानं. वाटी संपली की न मागता भरली जायची. हे मला फार आवडलं, आमच्या पंगतीची आठवण झाली.

शेवटी मटण आलं. पातळ कापलेलं, लसूण, आलं, सोया सॉस आणि तिळाच्या तेलात मुरवलेलं. "ते लोक मऊ करायला त्यांचं पेअर, म्हणजे नासपती, किसून घालतात," वैशालीताई म्हणाल्या. "मी द्राक्षाचा रस घालते. इथं त्याला काय तोटा?"

दादा ताटाकडे बघत राहिला. "हे कच्चं आहे."

"हां काका."

"मग आत न्या ना. शिजलं की बोलवा."

मी सवयीने चिमट्याकडे हात नेला. वैशालीताई म्हणाल्या, "मावशी, हात मागे." दादाने भाऊसाहेबांकडे बघितलं. भाऊसाहेबांनी दोन्ही हात टेबलाखाली घेतले. "मला गाडी येते, काका. हे नाय येत."

मग आयुष्यात कधी चहासुद्धा न केलेल्या माझ्या भावाने चिमटा उचलला, पाण्याची पातळी मोजायची पट्टी धरावी तसा. सगळं मटण त्याने एकदमच जाळीवर ओतलं. चर्र झालं, धूर उठला, खालचे तुकडे काळे झाले, वरचे कच्चे राहिले. दादाने चिमटा खाली ठेवला. कपाळाला घाम, चेहरा उतरलेला. "मला नाही जमायचं हे, सुमन. चल, जाऊया."

तेव्हा मी त्याला ते सांगितलं. इतके महिने सांगितलं नव्हतं. म्हटलं, "दादा, वहिनी आणि मी हे रोज फोनवर बघायचो. टेबलावरचं हे मटण. ती म्हणायची, पुरुष भाजतोय आणि बाई बसून खातेय. मला एकदा तिथे जायचंय म्हणायची."

"मला कधी बोलली नाही."

"तुला काय बोलणार? तू जेवत असायचास."

तो निखाऱ्यांकडे बघत बसला. मला वाटलं, फार बोलून गेले. मग त्याने करपलेले तुकडे एकेक करून बाजूला काढले, जाळी पुसली आणि वैशालीताईंना म्हणाला, "नीट सांगा. किती ठेवायचे एका वेळी?"

वैशालीताईंनी सांगितलं. थोडे ठेवायचे, कडा वळल्या की उलटायचे, एकदाच. मोठा तुकडा असेल तर कात्रीने कापायचा. होय, कात्रीने, शिंप्याकडे असते तसल्या. दादाने तीही घेतली. आता तो वाकून बसला होता, डोळे बारीक करून, एकेक तुकडा उलटत. आणि वास! भाऊसाहेबांनी काचा का वर केल्या होत्या ते मला तेव्हा कळलं. आमच्या जत्रेच्या मटणाचा वास दुरून बोलावतो, हा अगदी समोर बसून नाकात शिरत होता. गोड, करपलेला, लसणाचा. माझ्या तोंडाला इतकं पाणी सुटलं की मला बोलता येईना.

"आता पान घ्या हातात," वैशालीताई म्हणाल्या. "त्यावर तुकडा, ठेचा, लसूण, कांदा. मुडपा. पण पहिला आपण खायचा नाही, समोरच्याला द्यायचा. आणि सगळा एकदम तोंडात, अर्धा तोडायचा नाही."

दादाने पान तळहातावर घेतलं. त्याच्या मोठ्या बोटांत ते दोनदा फाटलं. तिसऱ्याने जमलं. त्याने तो घास माझ्यासमोर धरला आणि मी तोंड उघडलं. पानाचा थंड कुरकुरीतपणा, आत गरम मटण, वर ठेच्याचा झणका आणि मग मागून हळूच द्राक्षाची गोडी. डोळ्यांत पाणी आलं. ते मिरचीमुळे होतं असं मी सांगितलं असतं, पण ते तेवढ्यामुळे नव्हतं. लहानपणी आई आजारी असताना दादाने मला दूधभात भरवला होता, त्यानंतर आज.

त्याने दुसरा घास केला. हा छान झाला, घट्ट, चारी बाजूंनी मुडपलेला. तो हातात धरून दादा थांबला. आमच्या टेबलाची चौथी खुर्ची रिकामी होती.

"लग्नात लोकांनी आग्रह केला म्हणून एक भरवला होता तिला," तो म्हणाला. "पुन्हा कधी नाही. सुचलंच नाही गं."

मग त्याने तो घास भाऊसाहेबांपुढे केला. "घ्या. किती दिवस बाहेर बसलात."

भाऊसाहेबांनी तो दोन्ही हातांनी घेतला, प्रसाद घ्यावा तसा, आणि सगळा एकदम तोंडात घातला. बराच वेळ चावत राहिले. "काका," ते शेवटी म्हणाले, "वासापेक्षा लय पुढं हाय हे."

तिसरा घास दादाने स्वतः खाल्ला. मग चौथा. मग आमचं मोजणं सुटलं. तो भाजत होता, कापत होता, मुडपत होता, आम्हाला देत होता, स्वतः खात होता. मुळ्याचं लोणचं त्याने दोनदा मागून घेतलं. वैशालीताईंनी दगडाच्या भांड्यात उकळतं, आंबट-तिखट सूप आणलं, त्यात भात घालून तेही संपवलं. मी त्याच्याकडे बघत नव्हते असं दाखवत होते, पण दुसरं काही बघतच नव्हते. जाळी रिकामी झाली. दादाने मान वर न करता, हातातल्या चिमट्याने निखारे सारखे करत विचारलं, "अजून आहे का?"

वैशालीताईंना त्यात काय विशेष वाटणार? "आहे की काका," म्हणत त्या आत गेल्या. मी उठून बागेकडे गेले आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या घडांकडे बघत जरा वेळ उभी राहिले. मला इतका आनंद झाला होता की बसवत नव्हतं. परत आले तेव्हा जाळीवर नवे तुकडे होते आणि दादा भाऊसाहेबांना सांगत होता, "कडा वळल्याशिवाय उलटायचं नाही."

सातारा

इथवर लिहून मी हे संपवणार होते. नाशिकला जाणाऱ्याने निफाडच्या अलीकडे धुराडं असलेली शेड शोधावी, सोबत माणूस घेऊन जावं, गुरुवार टाळावा आणि टोपी घातली तर घालून घ्यावी, एवढं सांगितलं की माझं काम झालं असतं. पण काल रविवार होता आणि सकाळीच दादाचा फोन आला.

"दुपारी ये. रिकाम्या हाताने ये."

गेले. गच्चीत लोहाराकडून करून आणलेली शेगडी पेटलेली होती. तिच्याभोवती तीन खुर्च्या. एका खुर्चीवर वरच्या मजल्यावरचे शिंदे मास्तर अवघडून बसले होते. तेही एकटेच, आणि त्यांचाही डबा दादाच्याच डबेवाल्याकडून येतो. कालच्यापुरते दोघांचे डबे बंद होते. द्राक्षाचा रस, लसूण, तीळ, सगळं जमवलेलं. ठेचा मात्र आपला साधा, शेंगदाण्याचा. पानं कोबीची. वैशालीताईंना फोन करून विचारून घेतलं होतं म्हणे.

तुकडे जाळीवर पडले तशी मी सवयीने पुढे वाकले. "हात मागे," दादा म्हणाला.

पहिला घास मास्तरांना. ते लाजले, पण त्यांनी तोंड उघडलं. दुसरा मला. मीठ जरा जास्त पडलं होतं आणि एक बाजू करपली होती. मी सगळा संपवला, बोटं चाटली. तेव्हा दादा शेगडीवरून मान वर करून, थेट माझ्याकडे बघत म्हणाला,

"अजून देऊ का?"